मधलं शटल

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला होता.

"काही खेळतेस का?"

"नाही," ती म्हणाली. शाळेत उंची बघून तिला प्रत्येक संघात घ्यायचे आणि हातापायांचा मेळ नाही म्हणून आठवड्याभरात काढून टाकायचे, हे तिने सांगितलं नाही.

"मग शिकशील," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या आईशी दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या.

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. तीस वर्षं शिट्टी वाजवून त्यांच्या साध्या बोलण्यालाही एक धार आली होती. त्यांचा स्वतःचा खेळ बॅडमिंटन. लग्नाला दोन महिने झाले आणि त्यांनी सुनेला हॉलवर नेलं. पहिले सहा महिने रॅकेट हातात घेऊ दिली नाही. "आधी पाय," एवढंच. कोर्टाच्या मध्यावरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून परत मध्यावर. सून घामाघूम व्हायची आणि बाजूच्या कोर्टावरचे लोक कौतुकाने बघत राहायचे. त्या लोकांनीच तिच्या उंचीवरून तिचं नाव लांबी ठेवलं. पुढे घरातही तेच रुळलं.

तिसऱ्या वर्षापासून दोघी क्लबच्या लीगमध्ये महिला दुहेरी खेळायला लागल्या. नेटजवळ सासूबाई, मागे लांबी. समोरची एक जण एकदा हसून म्हणाली, "घरी भांडायला वेळ मिळत नाही म्हणून इथे येता का?"

"वेळ असतो," सासूबाई म्हणाल्या. "जागा कमी पडते."

खरं तर घर लहान होतं, पण भांडणं फारशी नव्हती. लांबी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम करायची. चौकटीच्या मापाने काचा कापायच्या, कडा घासायच्या, बसवून द्यायच्या. दिवसभर उभं राहायचं आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक होऊ द्यायची नाही. तिथून ती थेट हॉलवर यायची. सासूबाई आधीच येऊन कोर्टाच्या रेषा पुसत असायच्या. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला खेळाचं वावडं होतं. सपाट रस्त्यावर चालतानाही तो ठेचकाळायचा. "आमच्या घरात पायांची अक्कल फक्त बायकांना दिलीय," असं तोच सांगायचा.

सातव्या हंगामातली गोष्ट. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. समोरच्या जोडीने शटल उंच उडवलं आणि ते बरोबर दोघींच्या मध्ये यायला लागलं. सासूबाई मागे सरकल्या आणि ओरडल्या, "माझं." लांबी थांबली. मग शटल अगदी डोक्यावर आल्यावर त्या ओरडल्या, "तुझं." लांबीने तशीच उडी घेतली, रॅकेट फिरवली आणि खाली आली ती सासूबाईंच्या बुटावर.

उजवा पाय आत वळला. टक् असा आवाज झाला. तो समोरच्या दोघींनीही ऐकला.

तो घोटा तसा आधीपासूनच हलका होता. तीन-चार वेळा मुरगळला होता. बर्फ लावायचा, पट्टी बांधायची, दोन आठवड्यांनी पुन्हा कोर्टावर, असं चाललेलं. या वेळी मात्र सूज उतरली, निळेपणा गेला, दीड महिना व्यायाम झाला, तरी पाय दगा देतच राहिला. एकदा फुटपाथवरून उतरताना, एकदा दुकानात नुसतं मागे वळताना. डॉक्टरांनी एका हाताने नडगी धरली, दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली. पाऊल टेबलाच्या सैल झालेल्या खणासारखं पुढे आलं. लांबीनेच मान फिरवली.

"बाहेरच्या बाजूची दोन्ही लिगामेंट गेलीत," ते म्हणाले. "नुसतं चालायचं असेल तर पट्टा लावून निभेल. खेळायचं असेल तर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा उभी करावी लागतील."

लांबीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरचा पायाच्या हाडांचा तक्ता बघत होत्या.

"तिला विचारा," त्या म्हणाल्या. "पाय तिचा आहे."

"खेळायचं आहे," लांबी म्हणाली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. गुडघ्याखाली प्लास्टर, दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. आता प्रश्न घरी पोचण्याचा होता, कारण गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. त्याने बायकोला उचलून न्यायची तयारी दाखवली.

"तू कुबड्या धर," सासूबाई म्हणाल्या. "तेवढंच कर."

मग लांबी पायरीवर बसली आणि मागे हात टेकत, एकेक पायरी, बसल्या बसल्या वर चढायला लागली. चार पायऱ्या झाल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं नव्हतं, लाजेचं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पिशवी मुलाच्या गळ्यात अडकवली आणि स्वतःही पायरीवर बसल्या.

"सरक जरा," त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या बरोबरीने बसल्या बसल्या वर चढायला लागल्या.

"आई, तुम्ही कशाला?"

"मांड्यांना चांगला आहे हा व्यायाम. शाळेत कधी सुचलाच नाही."

सासू-सून शेजारी शेजारी, तोंड रस्त्याकडे करून, तीन मजले चढल्या. नवरा दोन कुबड्या आणि तीन पिशव्या घेऊन मागून आला आणि दुसऱ्या मजल्यावर एका कुबडीत पाय अडकून पडता पडता वाचला. तेव्हा लांबीला हसू आवरेना.

पुढचे दिवस सासूबाईंनी डोळ्यात तेल घालून काढले. न्हाणीघरात खुर्ची ठेवली. पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर लावायच्या, आणि पाण्याचा थेंब आत गेला नाही ना हे बोट घालून बघायच्या. प्लास्टर निघालं, टाके निघाले, गुडघ्यापर्यंतचा जाडजूड बूट आला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बोटभर लांब, गुलाबी, वाकडा व्रण होता. त्याच्या पुढे पावलाचा एक तुकडा बधिर झाला होता. तिथे हात लावला तर मोज्यावरून लावल्यासारखं वाटायचं.

मग फिजिओकडचे दिवस सुरू झाले. फिजिओ जाडसर, हळू बोलणारा माणूस होता. त्याने पहिल्या दिवशी तिला टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायला लावला आणि लांबी, जी एकेकाळी मागच्या रेषेवरून स्मॅश मारायची, पाच मिनिटांत दमली. हळूहळू रबराच्या पट्ट्या आल्या, टाचा उचलणं आलं, एका पायावर उभं राहणं आलं. घरी दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं, असं त्याने सांगितलं होतं. लांबी बेसिनपाशी उभी राहिली की सासूबाई मागे येऊन दोन्ही हात पसरून थांबायच्या, नुकत्या चालायला लागलेल्या मुलामागे थांबावं तशा.

"आई, तुम्ही बसा ना."

"बसलेच आहे," त्या म्हणायच्या, उभ्या उभ्या.

या सगळ्यात सासूबाई स्वतः हॉलवर जायच्या थांबल्या होत्या. "खांदा धरलाय," त्या म्हणाल्या होत्या. वय अठ्ठावन्न. खांदा धरू शकतो. कोणी खोलात गेलं नाही.

पाच महिने झाले. फिजिओने जमिनीवर टेप लावली आणि तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या. आधी डावा पाय, मग उजवा. सरळ, तिरक्या, बाजूला. डोळे मिटून तोल धरायला लावला. टाचा उचलून घेतल्या, पंचवीस वेळा. मग वहीत लिहून तो म्हणाला, "डाव्याच्या चौऱ्याण्णव टक्के. पाय तयार आहे. पट्टा लावून कोर्टावर जा. आधी एकेरी, हलका खेळ."

एकेरीत सगळं छान झालं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग अर्धा तास. पाय वळत होता, थांबत होता, उडी झेलत होता. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईबरोबर ती दुहेरी खेळायला उतरली आणि तिथे गाडं अडलं. जोडीदार दोन पावलांच्या आत आली की लांबीचे पाय जागच्या जागी थिजायचे. शटल समोरून जायचं आणि ती बघत राहायची. एकदा, दोनदा, सहा वेळा. "असू दे गं, सवय नाही राहिली," ती बाई म्हणाली. लांबी बाकावर येऊन बसली आणि बराच वेळ पट्ट्याच्या नाड्या सोडत-बांधत राहिली.

तिने फिजिओला सांगितलं. त्याने विचारलं, "नेमकं कधी थांबता?"

"कोणी जवळ आलं की. खाली पाऊल दिसतं मला. बूट दिसतो."

"तेव्हा तुमचा पाय कोणाच्या बुटावर पडला होता?"

"सासूबाईंच्या."

"मग त्यांनाच घेऊन या."

घरी येऊन तिने विचारलं. सासूबाई धुतलेले कपडे घडी करत होत्या.

"माझा खांदा," त्या म्हणाल्या.

"आज सकाळी तुम्ही माळ्यावरून जुनी बॅग काढलीत. याच हाताने."

सासूबाईंनी हातातला टॉवेल घडी केला. मग उलगडला आणि पुन्हा घडी केला.

"आई, तुम्हाला माझ्याबरोबर खेळायचं नाही का?"

"मी 'माझं' म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या हळू की लांबीला पुढे वाकावं लागलं. "आणि मग 'तुझं' म्हटलं. सात वर्षांत असं कधी केलं होतं का मी? तूच सांग."

"होतं असं. घाईत होतं."

"घाई नव्हती. मला शटल दिसलंच नाही." त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "वर गेलं तेवढं दिसलं. मग दिव्यात विरून गेलं. वर्षभर असंच चाललं होतं. दिव्याभोवती धुकं असल्यासारखं दिसतं. मी आवाजावर खेळायचे, अंदाजावर खेळायचे. कोणाला कळत नव्हतं. मला वाटलं, हा हंगाम निघेल. सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसवलं असतं मला. म्हणून नाही सांगितलं. आणि तुझा पाय मोडून बसले."

लांबीच्या डोळ्यांसमोरून वर्षभराच्या बारीकसारीक गोष्टी जात होत्या. सासूबाई पेपर खिडकीशी नेऊन वाचायच्या. कप काठोकाठ भरून बशीत सांडेपर्यंत ओतत राहायच्या. जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय चाचपायच्या. हे सगळं तिच्यासमोर घडत होतं आणि ती रोज दुकानात परक्या माणसांच्या काचा घासत होती.

"मला राग आलाय," ती शेवटी म्हणाली.

"यायलाच हवा."

"पायाचा नाही. सहा महिने तुम्ही माझ्यामागे हात पसरून उभ्या राहिलात आणि हे पोटात ठेवलंत, त्याचा. आणि माझा स्वतःचा पण. चष्म्याच्या दुकानात काम करते मी, आई. लोक मला काय म्हणतील?"

सासूबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. लांबीने त्यांच्या मांडीवरचा टॉवेल उचलून त्यांच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दुकानात घेऊन गेली. डोळे तपासणाऱ्या बाईंनी डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्याने सासूबाई तिसऱ्या ओळीच्या पुढे गेल्या नाहीत. वाचता येत नाही हे कबूल करायला त्यांना जड जात होतं. त्या अक्षरांचे अंदाज बांधत होत्या, तेही ठणकावून.

"हा मोतीबिंदू आहे," त्या बाई म्हणाल्या. "पिकलाय चांगला. काढून टाका, लख्ख दिसेल."

"म्हणजे चष्मा लागणार नाही?" लांबीने विचारलं.

"वाचायला लागेल."

"तो मी करीन," लांबी म्हणाली.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. तोवर फिजिओने दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, मोठे चेंडू, पट्ट्या सगळं बाजूला सारलं. तो समोर उभा राहिला आणि नुसतं बोट दाखवायला लागला. इकडे म्हणजे शटल इकडे आलं, तिकडे म्हणजे तिकडे. शटल नाही, रॅकेट नाही.

"मोठ्याने बोलायचं," तो म्हणाला. "माझं किंवा तुझं. एकदाच. बदलायचं नाही."

पहिल्यांदा त्याने मध्ये बोट दाखवलं तेव्हा सासूबाई अशा दचकून बाजूला झाल्या, की लांबीला हसायला आलं. भीती तिच्याहून त्यांनाच जास्त होती. त्या पावलं चोरत होत्या. लांबी जवळ आली की त्यांचं अंग आखडायचं.

"आई, अशा लांब पळालात तर अर्धं कोर्ट मोकळं राहील."

"तुझा पाय—"

"माझा पाय मी बघते. तुम्ही शटल बघा."

"शटल आहे कुठे?" सासूबाई म्हणाल्या आणि फिजिओही हसला.

त्याने मग दोघींना अगदी जवळ उभं केलं, खांद्याला खांदा लावून. लांबीला वर उडी मारून तिथेच उतरायला सांगितलं. पहिल्या उडीला तिचे डोळे आपोआप खाली गेले. सासूबाईंचा बूट तिथेच होता, पांढरा, झिजलेल्या टोकाचा. ती उतरली. पाय सरळ टेकला. दुसरी उडी, तिसरी. दहाव्या उडीला तिचं पाऊल सासूबाईंच्या बुटाच्या कडेला घासलं. घोटा किंचित वळला आणि जागच्या जागी थांबला, घट्ट, दोरी ताणून धरावी तसा.

"धरलं," लांबी म्हणाली. तिला स्वतःलाच ते सांगायचं होतं. "आई, धरलं त्याने."

सासूबाई खाली बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी तो घोटा धरला आणि काही वेळ तशाच बसून राहिल्या. फिजिओ खिडकी उघडायच्या निमित्ताने पलीकडे गेला.

डोळ्याची शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपली. आता पाळी लांबीची होती. दिवसातून चार वेळा ड्रॉप, आणि त्या बाबतीत ती सासूबाईंहून कडक निघाली. दुकानातून फोन करून विचारायची, "घातले का?" सासूबाई म्हणायच्या, "घातले." ती म्हणायची, "बाटली हातात घेऊन सांगा." पट्टी निघाली त्या सकाळी सासूबाई बराच वेळ आरशासमोर उभ्या होत्या.

"काय झालं?" लांबीने विचारलं.

"एवढ्या सुरकुत्या होत्या मला? कोणी बोललं नाही." मग त्यांनी वळून सुनेकडे नीट पाहिलं. "आणि तू किती बारीक झालीस."

"आधीचीच आहे मी."

"मग मला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

महिना-दीड महिन्याने डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि दोघी हॉलवर गेल्या. पहिल्याच शटलला सासूबाईंनी मान वर केली आणि ते दिव्यांच्या रांगेतून खाली येईपर्यंत नजर हलवली नाही. "पिसं दिसतात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग चौथ्या-पाचव्या रॅलीला लांबी उशिरा पोचली आणि त्या कडाडल्या, "पाय कुठे होते तुझे?" बाजूच्या कोर्टावरचे थबकले. लांबीला इतकं बरं वाटलं, की तिने पुढचं शटलही सोडून दिलं.

नव्या हंगामाचा पहिला सामना त्या हरल्या. सतरा-एकवीस, एकोणीस-एकवीस. समोर विशीतल्या दोन मुली होत्या आणि त्यांना या दोघींची काही दयामाया नव्हती, तेही बरंच होतं. मध्यावर आलेली शटलं कधी सासूबाईंनी घेतली, कधी लांबीने, आणि दोन वेळा दोघींनीही नाही. त्या दोन वेळी त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढच्या सर्व्हिससाठी उभ्या राहिल्या. नवरा बघायला आला होता. तो पहिल्या गेमपासून बाकाची कड घट्ट धरून बसला होता. सामना संपल्यावर त्याची बोटं वाकडी झाली होती.

कपडे बदलायच्या खोलीत लांबीने घोट्याचा पट्टा काढला. मोज्याची वीण कातडीवर उमटली होती. सासूबाईंनी वाकून अंगठ्याने व्रणाच्या खाली दाबून पाहिलं.

"थोडी सूज आहे."

"असते म्हणाला फिजिओ. रात्रीपर्यंत उतरेल."

"दुखतंय?"

लांबीने खरंच विचार करून पाहिलं. "तिथे नाही," ती म्हणाली. "मांडी दुखतेय. आणि दंड."

"दंड दुखायलाच हवा. मनगटाने मारायचं सोडून खांद्याने मारत होतीस."

त्या हंगामात त्या नऊ सामने खेळल्या आणि तीन जिंकल्या. पुढच्या हंगामात पाच. त्यानंतर सासूबाईंनीच ठरवलं की आता त्या कोर्टाबाहेर बसतील. तोवर लांबीने आपल्याच दुकानात हिशेब बघणाऱ्या मुलीला हॉलवर आणलं होतं. ती ठेंगणी, चपळ, पण कोर्टावर कुठे उभं राहायचं हे न कळणारी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिच्या हातातून रॅकेट काढून घेऊन बाकावर ठेवली आणि तिला कोर्टाच्या मध्यावर उभं केलं. लांबी मागच्या रेषेजवळ पट्टा बांधत होती. ती मुलगी तिच्याकडे गोंधळून बघायला लागली.

"त्या सांगतात तसं कर," लांबी म्हणाली. "मीही करतेय तुझ्याबरोबर." आणि तिनेही आपली रॅकेट खाली ठेवली.